आजारी माय आणि तिचं लेकरू

घरातली बाई मनाने आजारी पडली, की ते सर्वांत आधी तिच्या लेकराला कळते. नवऱ्याला नंतर, सासूला त्याच्याही नंतर, आणि डॉक्टरांपर्यंत ती पोचलीच तर काही वर्षांनी. पाच-सहा वर्षांच्या पोराला आजाराचे नाव ठाऊक नसते. पण आज माय अंथरुणातून उठणार नाही, आज चुलीवर काही चढणार नाही, आज तिच्याजवळ जाऊन दप्तर दाखवायचे नाही, हे त्याला सकाळी डोळे उघडताच समजते. ते आपोआप हळू चालायला लागते. धाकट्या बहिणीला शेजारच्या ओट्यावर नेऊन बसवते. शेजारीण विचारते, "काय करायली रे तुझी माय?" तेव्हा ते सांगते, "झोपलीय." एवढ्या लहान वयात त्याला झाकून घ्यायचे कळते, आणि ते त्याला कुणी शिकवलेले नसते.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या आशाताई, अंगणवाडीताई, प्राथमिक शिक्षक आणि ज्यांच्या घरात असा आजार आहे अशी माणसे यांच्यासमोर हा विषय नीट मांडावा, म्हणून ही प्रस्तावना. मनाच्या आजारांवर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. बाळंतिणीच्या आहारावर आणि बाळाच्या वजनावर त्याहून जास्त. मात्र माय आणि लेकरू यांना एकत्र ठेवून, एकीच्या आजारात दुसऱ्याचे काय होते याचा विचार आपल्याकडे फार थोडा झाला आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच: आपल्या गावांत मायचा आजार हा तिचा स्वभाव, तिचा आळस किंवा तिच्या अंगातली बाधा समजला जातो, आणि या गैरसमजाची किंमत तिच्याइतकीच तिचे लेकरूही मोजते. तिच्यावर वेळेवर उपचार झाले तर लेकराचाही निम्मा इलाज होतो.

हे कसे घडते ते मुखेड, कंधार, निलंगा, देवणी अशा कुठल्याही तालुक्यातल्या गावात दिसेल. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते. दहा-बारा दिवसांनी तिची झोप उडते. बाळ झोपलेले असतानाही ती जागी असते. कारण नसताना रडते, जेवण टाळते, बाळाला पाजायला घेतले तरी नजर भिंतीकडे असते. आई म्हणते, अशक्तपणा आहे. मावशी म्हणते, नजर लागली. मीठ-मोहरी उतरवून टाकतात, लिंबू ओवाळतात. सव्वा महिन्यानंतर ती सासरी येते. तिथे तिचे बसून राहणे हे कामचुकारपणा ठरते आणि तिचे रडणे नाटक ठरते. मुलगी झाली म्हणून घरात आधीच कुरकुर असेल तर विचारायलाच नको. पुढे कधी ती असंबद्ध बोलू लागली, घराबाहेर निघून गेली, कुणीतरी आपल्या बाळाला विष घालणार आहे असे म्हणू लागली, तर मग "बाहेरचं लागलंय" यावर सगळ्यांचे एकमत होते.

यानंतरची वाट मराठवाड्यात ठरलेली आहे. गावचा देवर्षी, मग शेजारच्या गावचा जाणता, मग गाणगापूर, मग बुलढाणा जिल्ह्यातला सैलानी बाबांचा दर्गा. मध्ये एखाद्या डॉक्टरकडे दोन सलाईन. कुणी भानामतीचे नाव काढते आणि भाऊबंदकीतल्या एखाद्या म्हातारीवर करणीचा आळ येतो, म्हणजे एका बाईच्या आजारापायी दुसऱ्या बाईचे गावात राहणे कठीण होते. भानामतीच्या भीतीने या भागातली कितीतरी गावे हैराण झाली होती. लातूरचे माधव बावगे यांच्यासारख्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन ती भीती कमी केली, हे त्यांचे मोठे काम आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, छडीने मारणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरले.

पण देवाकडे नेणाऱ्या माणसांवर मला राग काढता येत नाही. ती बाईला टाकून देत नाहीत, तिच्यासाठी पैसे खर्च करतात, कामधंदा सोडून चार दिवस मुक्काम करतात. त्यांना जवळची आणि ओळखीची वाट तीच वाटते. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून मनोविकारतज्ज्ञांचा दवाखाना चालतो. माणसे दुवा मागतात आणि त्याच आवारात औषधही घेतात. मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतात. आपल्याकडच्या यात्रांमध्ये पाण्याच्या टाक्या आणि रुग्णवाहिका उभ्या राहतात, तर असा एक दवाखानाही उभा राहू शकेल. अशी सोय नसली की काय होऊ शकते, ते तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसले. तिथल्या दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. ती माणसेही त्यांच्या घरच्यांनी बरी व्हावीत म्हणूनच तिथे आणून सोडली होती.

बाळंतपणानंतरचे नैराश्य हे शहरी, शिकलेल्या बायकांचे दुखणे आहे, असे अजूनही ऐकू येते. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होते, आणि यांतल्या बहुतेक जणी गरोदरपणातच खचलेल्या होत्या. घरची गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यामागची कारणे निघाली. मग त्यांनी १७१ बाळांकडे सहा महिन्यांपर्यंत लक्ष ठेवले. ज्यांच्या आया सहाव्या आठवड्यात खचलेल्या होत्या, त्या बाळांचे वजन आणि उंची कमी भरली आणि त्यांची समजही मागे राहिलेली आढळली. देशभरातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१७ मध्ये मांडला गेला, तेव्हाही बाळंतिणींमधले नैराश्याचे प्रमाण २२ टक्के आले. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. अंगणवाडीताईच्या कुपोषणाच्या रजिस्टरमध्ये ज्या लेकरांची नावे वर्षानुवर्षे हलत नाहीत, त्यांच्या आयांना एकदा जवळ बसून विचारायला हवे. लेकराला खाऊ घालायला घरात दाणा असावा लागतो, तसेच भरवणाऱ्या हातात त्राणही असावे लागते.

तान्ह्या बाळाला मायच्या मनातले काय समजणार, असे वाटेल. १९७० च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी हसून-बोलून खेळायचे आणि मग काही वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवून बाळाकडे नुसते बघत राहायचे. बाळ आधी हसून तिला बोलवते. मग हात पुढे करते, आवाज काढते, अंग झोकून देते. तरीही चेहरा हलला नाही की ते मान फिरवते आणि कोमेजून जाते. हा सगळा खेळ मिनिटा-दोन मिनिटांचा. ज्या घरात मायचा चेहरा महिनोन् महिने तसाच आहे, तिथले बाळ काय करत असेल? ते मागणे कमी करते. मग "लेकरू लई गुणी आहे, रडतच नाही," असे घरचे कौतुकाने सांगतात. असे कौतुक कानी पडले की आशाताईने त्या घरात थोडे जास्त वेळ बसावे.

प्रसूतीनंतर क्वचित होणारा दुसरा एक आजार याहून तीव्र असतो. हजार बाळंतपणांत एखाद-दुसऱ्या बाईला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भ्रम सुरू होतात. झोप पूर्ण उडते, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलत्याच शंका येतात. पोटात बाळ आडवे आले तर आपण जेवढी धावपळ करतो, तेवढीच इथे करायला हवी. त्या दिवसांत तिला आणि बाळाला एकटे सोडायचे नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वेळेवर उपचार मिळाले तर यातल्या बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. हीच बाई पंधरा दिवस देवर्षाच्या दारात बसली तर पुढे काय होते, ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. लेकरांसह विहीर जवळ केलेल्या बाईची चार ओळींची बातमी मराठवाड्यातल्या वाचकाला नवी नाही. कारण म्हणून "घरगुती वाद" किंवा "अज्ञात कारण" लिहिलेले असते. तिला आधी झोप येत होती का, तिने कुणाजवळ काही बोलून दाखवले होते का, हे विचारायला तिथे कुणी जात नाही. ती वाचली तर खुनाच्या गुन्ह्यातली आरोपी होते आणि तिच्या आजाराचा विचार कोर्टात, वकील चांगला मिळाला तर, पुढे कधीतरी होतो.

या सगळ्यात थोडे मोठे झालेले लेकरू, म्हणजे सात ते चौदा वर्षांचे, माझ्या मनात सर्वांत जास्त घर करून राहिले आहे. सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागाबाहेरच्या बाकावर मी अशी मुले पाहिली आहेत. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. केसांना तेल लावून दोन वेण्या घातलेल्या, बहुधा स्वतःच. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत मायची फाईल. नंबर पुकारला तशी तीच उठली आणि मायचे मनगट धरून तिला आत घेऊन गेली. डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारले ते मायला, उत्तर दिले लेकीने. "पांढरी गोळी रात्री देते, पिवळी अर्धी देते. पिवळी दिली की तिचे हात थरथरायलेत." बाप ऊसतोडीला गेलेला, आजी पायाने अधू. त्या मुलीला मायच्या आजाराचे बारीकसारीक सगळे ठाऊक होते, फक्त आजार काय आहे ते कुणी सांगितले नव्हते. बाहेर आल्यावर तिने नर्सताईंना हळूच विचारले, "मी भांडले की तिला जास्ती होतं का?"

त्या प्रश्नासाठी हा विषय लिहायला हवा, असे मला वाटते. लेकराला खरे कारण सांगितले नाही तर ते स्वतः एक कारण शोधते, आणि ते कारण जवळजवळ नेहमी ते स्वतः असते. मी हट्ट केला, मी नापास झालो, मी झाले तेव्हापासून माय अशी झाली. घरातले लोकही बोलताना भान ठेवत नाहीत. "हिच्या बाळंतपणातच बिघडली ती," हे वाक्य कितीतरी मुली कानावर घेत मोठ्या होतात. शाळेत हजेरीपटावर फक्त गैरहजेरीची फुली पडते. लातूरला बारावीच्या आणि नीटच्या शिकवण्यांसाठी सगळ्या राज्यातून पोरे येतात, त्यांच्या ताणाबद्दल आता थोडेफार बोलले जाते. पण त्याच शहराच्या कडेला, गावाकडे, सहावीतली एक मुलगी मायला एकटे सोडता येत नाही म्हणून शाळा सोडते, तेव्हा तिच्या ताणाची दखल कुणी घेत नाही. पुढे लग्न जमवायची वेळ आली की हाच आजार पुन्हा दारात उभा राहतो. "मायला वेड होतं म्हणे," एवढ्यावर सोयरीक मोडते. म्हणून आजार लपवला जातो, म्हणून औषध बंद केले जाते, आणि ते बंद केले की आजार उलटतो. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. स्किझोफ्रेनियासारखा आजार आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहा टक्के धरतात. म्हणजे अशा दहा मुलांपैकी नऊ जणांना तो होत नाही.

आजारी मायची लेकरे मोठी होऊन काय करू शकतात, याचे एक उदाहरण पुण्यात आहे. भार्गवी दावर यांनी लहानपणी आपल्या आईला मनोरुग्णालयांच्या आत पाहिले होते. आईचे नाव बापू. त्याच नावाने त्यांनी पुढे पुण्यात बापू ट्रस्ट उभा केला आणि बायकांच्या मानसिक आरोग्यावर आयुष्यभर काम केले. २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांचे सगळे म्हणणे पटेलच असे नाही. औषध आणि दवाखाना यांच्याकडे त्या फार संशयाने पाहत, आणि मराठवाड्यात जिथे दवाखानाच हाताला लागत नाही तिथे तो संशय परवडणारा नाही, असे माझे मत आहे. पण आपल्या आईला उपचाराच्या नावाखाली कोंडले गेले, तिला कुणी माणूस म्हणून विचारलेच नाही, हे त्यांचे दुःख खरे होते. बाईला दवाखान्यात नेण्याचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने तिथे तिला कशी वागणूक मिळते तेही पाहायला हवे, हे त्यांच्यामुळे कळते. आजारी बाईचा नवरा काय करू शकतो, याचे उदाहरण डॉ. जगन्नाथ वाणी यांचे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाबरोबर संसार करताना त्यांना जे कळले त्यातून त्यांनी पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी करायला मदत केली, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने झाला. घरातले दुखणे न लपवता या दोघांनी लोकांसमोर ठेवले.

आपल्या भागाचा इतिहासही विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी आणि परिसरातली गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. दिल्लीच्या एम्समधल्या मनोविकारतज्ज्ञांनी वाचलेल्यांतल्या काहींची तपासणी केली. त्यांचा अहवाल १९९६ मध्ये छापून आला. तपासलेल्यांपैकी ५९ टक्के जणांना मनाचा आजार जडलेला होता आणि त्यात बायका जास्त होत्या. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, ती सुमारे बाराशे होती. ती मुले शिकली, अनेक जण पायावर उभे राहिले. पण जी लेकरे गावातच, पत्र्याच्या शेडमध्ये, दोन मुले ढिगाऱ्याखाली गेलेल्या आपल्या मायबरोबर राहिली, त्यांचा विचार त्या काळात कुणाच्या यादीत नव्हता. ती आज चाळिशीत आहेत. त्यांना स्वतःची मुले आहेत.

त्यानंतर दुष्काळ आला, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आल्या. २०१५ मध्ये सरकारने मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत त्या रोखण्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात नांदेड-लातूर दोन्ही आहेत आणि आशांकडून घरोघर विचारपूस व्हावी ही त्यातली चांगली कल्पना. तरीही त्याची नजर मुख्यतः कर्जात अडकलेल्या पुरुषावर राहिली. त्याने जीव दिल्यावर मागे राहिलेली बाई सावकार, बँक, दीर आणि तहसील यांच्यात फिरत असते, आणि तिला रडायलाही सवड नसते. २०२३ च्या ऑक्टोबरच्या तोंडाशी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधांची, खाटांची, मनुष्यबळाची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्या बारा आयांना पान्हा फुटला असेल तेव्हा त्यांच्याजवळ कोण होते, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत दिसला नाही.

सोयींचे चित्र थोडक्यात असे आहे. निजामाच्या राज्यात जालन्याला मनोरुग्णालय होते. पुढे ते हैदराबादला एर्रगड्ड्याला हलले. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, मराठवाड्यात एकही नाही. जालन्यात नवे उभारायला आता सरकारने मंजुरी दिली आहे. नांदेडला विष्णुपुरीत, लातूरला आणि अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि तिथे मनोविकार विभाग आहेत, एवढा आधार आहे. पण किनवट-माहूरच्या बाईला नांदेड गाठायचे म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर जाणे, एका दिवसाची मजुरी बुडवणे आणि सोबत एक माणूस नेणे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनाच्या आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात असे दिसले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे, तो माहीत असला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१ सांगते की, दाखल झालेल्या बाईपासून तिचे तीन वर्षांखालचे लेकरू सहसा तोडायचे नाही. बाळाला धोका आहे असे डॉक्टरांना वाटलेच तर तात्पुरते वेगळे ठेवायचे, पण देखरेखीखाली भेट द्यायची आणि दर पंधरा दिवसांनी निर्णय पुन्हा तपासायचा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून माय आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करणारा कक्ष आहे. आपल्याकडे उलट घडते. सून आजारी पडली की तिला माहेरी पाठवतात आणि नातू ठेवून घेतात. पुढे सोडचिठ्ठीचा कागद येतो. भाऊ-भावजयीलाही जड झाली की ती एक दिवस घरातून निघते आणि एखाद्या बसस्टँडवर किंवा रेल्वेच्या फलाटावर दिसू लागते. तिथे तिचे काय होते, हे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या शिंगवे नाईक इथल्या डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांना विचारावे. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण बायकांना त्यांनी माऊली सेवा प्रतिष्ठानात घर दिले, आणि अत्याचारातून त्यांना झालेली लेकरेही तिथेच, आपल्या आयांजवळ, वाढत आहेत. एका डॉक्टर दांपत्याला जे जमले त्याची सुरुवात तरी प्रत्येक जिल्ह्याला करता यावी.

करायचे काय, याचे उत्तर महाग नाही. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घडवली आणि ती देशभर गेली. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळाचे वजन-तापमान पाहते. माय असंबद्ध बोलते का, तिला झटके येतात का, हेही तिच्या फॉर्मात आहे. मुकाट बसलेली माय मात्र त्यात सापडत नाही. तिच्यासाठी दोन प्रश्न पुरतात: गेल्या पंधरा दिवसांत मन उदास, निराश राहायलंय का? आणि पूर्वी जे करावं वाटायचं त्यात आता मन लागत नाही का? हे प्रश्न सासूसमोर विचारायचे नाहीत. बाळाला बघायच्या निमित्ताने आतल्या खोलीत बसून विचारायचे. उत्तर "हो" आले तर आरोग्य केंद्रात न्यायचे. तिथे रक्त कमी आहे का, थायरॉईड आहे का, हेही तपासून घ्यायचे, कारण त्यानेही बाई अशीच गळून जाते. बाळाला पाजत असताना चालतील अशी औषधे आहेत. डॉक्टरांना अंगावर पाजते हे आधी सांगायचे आणि औषध मनाने बंद करायचे नाही.

नुसत्या बोलण्यानेही फरक पडतो. पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेविकांना नैराश्य आलेल्या बायकांशी कसे बोलायचे ते शिकवले गेले. ९०३ मायलेकरांच्या या प्रयोगाचे निकाल २००८ मध्ये आले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा अशा भेटी मिळालेल्या बायकांपैकी २३ टक्के खचलेल्या राहिल्या होत्या, इतर बायकांपैकी ५३ टक्के. त्यांच्या बाळांना जुलाब कमी झाले आणि लसी जास्त पूर्ण झाल्या. तीच पद्धत पुढे गोव्यात शेजारच्या साध्या बायकांनी वापरली. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. १५१ आयांवर नैराश्याचे उपचार झाले, मुलांवर काहीच केले गेले नाही. ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमधले मनाचे आजार कमी झाले. ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांमध्ये ते वाढले.

राहिले लेकराशी बोलणे. ते कुणालाही करता येते, त्याला पदवी लागत नाही. तुझी माय आजारी आहे, तिच्या मनाला दुखणे झाले आहे, तू काही केल्याने ते झालेले नाही, तिचा जीव तुझ्यावर आहे पण सध्या तिला तो दाखवता येत नाही, औषधाने तिला उतार पडेल पण वेळ लागेल, आणि तिला सांभाळणे हे मोठ्या माणसांचे काम आहे, तुझे नाही. हे त्याला त्याच्या बोलीत, एकापेक्षा जास्त वेळा सांगावे लागते. शिक्षकांनी गैरहजेरीचे कारण वर्गासमोर विचारू नये. मावशी, आत्या, आजी यांपैकी एकीने तरी त्याला रोज जवळ घ्यावे, त्याचा डबा करावा, त्याला खेळायला सोडावे.

मनाच्या दुखण्यासाठी फोनवरून मदत करणारी टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलून दाखवले तर तो नंबर लगेच लावा आणि त्या माणसाजवळ बसून राहा. आशाताईंनी आणि गुरुजींनी हा नंबर अंगणवाडीच्या आणि शाळेच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. आणि तुमच्या गल्लीत असे एखादे घर असेल, ते कोणते हे तुम्हाला माहीत असतेच, तर या आठवड्यात तिथे जा, आणि मायइतकीच तिच्या लेकराचीही चौकशी करा.